क्योटोत मुक्काम कोठे करावा?

जपानला प्रथमच निघालेल्या प्रवाशाच्या कार्यक्रमात टोकियोखालोखाल क्योटोचे नाव हमखास असते. विमानाची तिकिटे निघतात, व्हिसा हाती येतो, पाहावयाच्या मंदिरांची यादी तयार होते आणि मग राहण्याची जागा ठरविण्याची वेळ येते. बहुतेकांची चूक येथेच होते. नकाशावर शहर आटोपशीर दिसते, सर्व काही एकमेकांजवळ असल्यासारखे वाटते. त्यामुळे ज्या हॉटेलाचे भाडे कमी, किंवा ज्याच्या खिडकीतून पॅगोडा दिसतो अशी जाहिरात असते, ते निश्चित केले जाते. मुक्कामातला बराच वेळ बसच्या रांगेत गेला, हे परतल्यावर ध्यानात येते.

क्योटोची प्रेक्षणीय स्थळे शहराच्या कडेने, डोंगरांच्या पायथ्याशी विखुरलेली आहेत. आगगाडी आणि भुयारी रेल्वे मात्र मोजक्याच रेषांनी धावतात. उरलेला सारा भार शहर बससेवेवर पडतो आणि ही बससेवा आज पर्यटकांच्या गर्दीने अक्षरशः वाकली आहे. म्हणूनच हॉटेल कोणत्या मंदिराजवळ आहे, यापेक्षा ते कोणत्या रेल्वेस्थानकाजवळ आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. ही गोष्ट पटण्यासाठी शहराची ठेवण थोडी समजून घेणे आवश्यक आहे.

राजधानीची आखणी

इ.स. ७९४ मध्ये सम्राट कान्मू याने येथे हेइआन-क्यो ही नवी राजधानी वसविली. चीनमधील छांग-आन, म्हणजे आजचे शीआन, या नगराच्या धर्तीवर तिची आखणी झाली. बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात छेदणारे रस्ते, उत्तरेला राजवाडा आणि तेथून दक्षिणेकडे जाणारा मुख्य मार्ग. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना आडव्या रस्त्यांना क्रमांक मिळाले. सान्जो म्हणजे तिसरा, शिजो म्हणजे चौथा, गोजो पाचवा आणि हाचिजो आठवा. एवढे पाठ असले की हॉटेलाच्या नावावरूनच ते शहराच्या कोणत्या पट्ट्यात आहे, हे कळू लागते. पत्त्यात 'आगारू' असा शब्द असेल तर त्या चौकापासून उत्तरेला, 'सागारू' असेल तर दक्षिणेला जावयाचे. राजवाडा उत्तरेला, म्हणून उत्तर ही 'वरची' दिशा.

याच आखणीची एक गंमत नवख्याला गोंधळात टाकते. साक्यो म्हणजे 'डावा' विभाग नकाशावर उजवीकडे, पूर्वेस आहे आणि उक्यो म्हणजे 'उजवा' विभाग पश्चिमेस. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसत असे. त्याची डावी बाजू ती राजधानीची डावी बाजू!

आधीची राजधानी असलेल्या नारा येथे बौद्ध मठांचे राजकारणातील वर्चस्व वाढले होते. नव्या राजधानीत तसे होऊ नये म्हणून नगराच्या हद्दीत तो-जी आणि साई-जी या दोनच मंदिरांना अधिकृत जागा देण्यात आली. बाकीची मंदिरे पुढील शतकांत बहुतांशी वेशीबाहेर, तीन बाजूंच्या डोंगरांच्या कुशीत उभी राहिली. आज प्रवासी ज्या कियोमिझु-देरा, गिंकाकु-जी, नान्झेन-जी या मंदिरांसाठी येतो ती पूर्वेच्या डोंगराखाली आहेत, किंकाकु-जी हे सुवर्णमंदिर वायव्येला आहे आणि आराशियामाचे वेळूवन थेट पश्चिमेच्या टोकाला. १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या, उजी व ओत्सू या शेजारच्या शहरांसह सतरा स्थळांची ठिकाणे नकाशावर मांडली, तर शहराभोवती तोरण बांधल्यासारखे दिसते. मधला सपाट भाग व्यापाराचा आणि वस्तीचा.

रेल्वे आली ती १८७७ मध्ये आणि तिचे स्थानक त्या काळच्या गजबजलेल्या भागाच्या दक्षिणेस बांधण्यात आले. १८९५ मध्ये क्योटोत जपानमधील पहिली व्यावसायिक विजेवरील ट्राम सुरू झाली. बिवा सरोवरातून आणलेल्या कालव्याच्या पाण्यावर तयार होणारी वीज तिला मिळे. पुढे या ट्रामगाड्यांचे जाळे शहरभर पसरले. परंतु मोटारींच्या युगात त्या रस्त्यावरील अडथळा ठरल्या आणि १९७८ मध्ये शहर ट्रामसेवा संपूर्ण बंद झाली. त्याजागी आलेली भुयारी रेल्वे दोनच मार्गांची. दक्षिणोत्तर कारासुमा मार्ग १९८१ मध्ये सुरू झाला, पूर्व-पश्चिम तोझाई मार्ग १९९७ मध्ये. दोन्ही मार्ग कारासुमा-ओइके या स्थानकात एकमेकांना छेदतात.

ट्राम गेली, भुयारी रेल्वे अपुरी राहिली आणि मंदिरे डोंगराखालीच राहिली. त्यांना जोडणारी बस ही मुळात शहरवासीयांची. बाजारात जाणारे, शाळेत जाणारे, दवाखान्यात निघालेले वृद्ध तिच्यावर अवलंबून आहेत. २०२४ मध्ये जपानमध्ये सुमारे ३ कोटी ६९ लाख परदेशी पाहुणे आले आणि त्यांच्यापैकी फार मोठा वर्ग क्योटोत उतरला. भरलेली बस थांब्यावर न थांबता पुढे जाते आणि रोजचा प्रवासी पाहत राहतो, ही तेथील नागरिकांची तक्रार आता जुनी झाली आहे. पर्यटकांमध्ये लोकप्रिय असलेला बसचा एकदिवसीय पास महापालिकेने २०२३ मध्ये विक्रीतून काढून घेतला. भुयारी रेल्वे आणि बस या दोहोंत चालणारा पास मात्र चालू ठेवला. जून २०२४ पासून सुटीच्या दिवशी ठराविक स्थळांसाठी ५०० येन भाड्याच्या जलद बसगाड्याही सुरू झाल्या. रेल्वेने जाता येईल तेथवर रेल्वेने जावे, असा प्रशासनाचा प्रयत्न आहे. प्रवाशाचा स्वार्थही नेमका तेथेच आहे.

स्थानकाजवळ

क्योटो स्थानकाच्या परिसराविषयी प्रवासवर्णनांत फारसे चांगले लिहिलेले आढळत नाही. १९९७ मध्ये पूर्ण झालेली काच-पोलादाची प्रचंड इमारत, समोर १९६४ चा १३१ मीटर उंचीचा मनोरा, भोवती हॉटेले आणि दुकाने. जुन्या राजधानीची कल्पना मनात घेऊन उतरलेल्याचा येथे हिरमोड होतो. परंतु सोयीच्या दृष्टीने या भागाला तोड नाही. कान्साई विमानतळाहून येणारी 'हारुका' गाडी सुमारे सव्वा तासात येथे पोहोचते. टोकियोहून आलेली बुलेट ट्रेन येथेच थांबते. फुशिमी इनारीच्या हजारो तांबड्या कमानी पाहण्यासाठी नारा मार्गावरील दुसरेच स्थानक गाठायचे, पाच मिनिटांचे काम. त्याच मार्गावर पुढे उजी आणि नारा. आराशियामाला जाणारी गाडी याच स्थानकातून निघून पाव तासाच्या आसपास तेथे पोहोचते. ओसाका अर्ध्या तासावर.

ज्यांच्याजवळ दोनच रात्री आहेत, ज्यांना क्योटोहून नारा, ओसाका किंवा हिमेजी करावयाचे आहे, सोबत वयोवृद्ध आईवडील आहेत वा चार मोठ्या बॅगा आहेत, त्यांनी निःसंकोचपणे येथे राहावे. स्थानकाच्या दक्षिणेकडील हाचिजो बाजूस भाडे अनेकदा उत्तरेपेक्षा कमी असते आणि तेथून तो-जीचा सुमारे ५५ मीटर उंचीचा, जपानमधील सर्वांत उंच लाकडी मनोरा पायी अंतरावर आहे. बाराशे वर्षांपूर्वी वेशीच्या आत जागा मिळालेल्या दोन मंदिरांपैकी टिकून राहिलेले ते हेच. मात्र हॉटेल स्थानकाच्या कोणत्या दाराकडे आहे, हे आरक्षणापूर्वीच पाहावे. एका बाजूने दुसऱ्या बाजूस सामानासह जाण्यातच दहा मिनिटे जातात.

उणीव संध्याकाळची. दुकाने मिटली की या भागात पायी फिरण्यासारखे थोडेच उरते आणि जुने गाव पाहण्यासाठी पुन्हा गाडी धरावी लागते.

शिजो ते ओइके

प्रथमच येणाऱ्या आणि तीन-चार रात्री राहू शकणाऱ्या प्रवाशासाठी सर्वांत योग्य जागा कोणती, असे विचारल्यास या लेखकाचे उत्तर शिजो आणि ओइके या दोन रस्त्यांमधील कारासुमाचा पट्टा हे आहे. छायाचित्रांत तो फारसा आकर्षक दिसत नाही. बँका, कचेऱ्या, रेशमी वस्त्रांच्या जुन्या पेढ्या असा हा व्यापारी भाग. त्याचे मोल नकाशावर कळते.

येथील शिजो स्थानकातून क्योटो स्थानक भुयारी रेल्वेने चार-पाच मिनिटांवर आहे. ओइकेला गाडी बदलली की पश्चिमेस पुढचेच स्थानक निजो किल्ल्याचे, आणि पूर्वेस चौथे स्थानक केआगे, जेथून नान्झेन-जी पायी गाठता येते. शिजोच्या चौकाखालीच हांक्यू या खासगी रेल्वेचे कारासुमा स्थानक आहे. त्या गाडीने पाऊण तासात ओसाकाचा उमेदा भाग येतो आणि वाटेत कात्सुरा येथे गाडी बदलून आराशियामाही करता येते. पूर्वेकडे दहा-बारा मिनिटे चालत गेले की कावारामाचीचा बाजार, वाटेत निशिकी ही शंभराहून अधिक दुकानांची अरुंद, छत घातलेली मंडई. आणखी थोडे पुढे कामो नदी, नदीपलीकडे गिओन. यातल्या कशालाही बस लागत नाही.

बस जेथे टळत नाही त्या किंकाकु-जीसाठीही येथून चांगला मार्ग आहे. क्योटो स्थानकाहून थेट जाणाऱ्या बसच्या रांगेत उभे राहण्याऐवजी भुयारी रेल्वेने उत्तरेला किताओजीपर्यंत जावे आणि तेथील बसस्थानकातून शेवटचा टप्पा तेवढा बसने करावा. बसमध्ये घालवावा लागणारा वेळ त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांवर येतो.

दोन सूचना येथे कराव्याशा वाटतात. पहिली नावांविषयी. कारासुमा आणि कावारामाची हे दोन्ही दक्षिणोत्तर जाणारे लांबच लांब रस्ते आहेत. हॉटेलाच्या नावात 'कावारामाची' आहे म्हणून ते बाजारात असेलच असे नाही. ते गोजोजवळ असू शकते किंवा पार दक्षिणेला. आडव्या रस्त्याचे नाव पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत. दुसरी सूचना जुलैची. गिओन उत्सवाच्या १७ आणि २४ तारखेच्या मिरवणुकींपूर्वी महाकाय लाकडी रथ याच पट्ट्यातील गल्ल्यांत उभारले जातात. १४ ते १६ जुलैच्या संध्याकाळी तेथे पाय ठेवण्यास जागा नसते. ज्यांना उत्सव पाहावयाचा आहे त्यांच्यासाठी याहून चांगली जागा नाही. ज्यांना तो पाहावयाचा नाही त्यांनी त्या दिवसांत येथे न राहिलेलेच बरे.

हिगाशियामाचा मोह

पूर्वेच्या डोंगराखालची गिओन व हिगाशियामा ही पेठ म्हणजे दिनदर्शिकांवरचे क्योटो. लाकडी जाळ्यांची घरे, दगडी पायऱ्यांचा सान्नेन्झाका चढ, संध्याकाळी पेटणारे कंदील. येथे राहावे असे प्रत्येकाला वाटते आणि तो मोह चुकीचा आहे, असे सांगता येणार नाही. मात्र त्याची किंमत येण्याआधीच मोजलेली असावी.

भुयारी रेल्वे या भागाच्या उत्तर कडेला स्पर्शून जाते आणि केइहान ही खासगी रेल्वे कामो नदीच्या काठाने धावते. कियोमिझु-देराला सर्वांत जवळचे स्थानकही वीस-पंचवीस मिनिटांच्या चढणीवर आहे. अनेक गल्ल्यांत वाहन शिरत नाही. काशीला गोदौलियापर्यंत रिक्षा येते आणि पुढे सामान उचलून गल्ल्यांतून घाटाकडे चालावे लागते, याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना येथील पहिल्या दिवसाची कल्पना सहज येईल. (वाराणसी आणि क्योटो यांच्यात २०१४ मध्ये भागीदार-नगर करार झाला आहे, दोन्ही शहरांच्या गल्ल्यांचे प्रश्नही बरेच सारखे आहेत.) दुपारी या रस्त्यांवरून चालणे म्हणजे यात्रेत चालणे.

मग येथे राहण्यात लाभ कोणता? पहाट आणि रात्र. क्योटोतील बहुतेक मंदिरे सकाळी साडेआठ-नऊला उघडतात आणि साडेचार-पाचला बंद होतात. कियोमिझु-देरा मात्र सकाळी सहालाच उघडते. पावणेसहाला खोलीतून निघून रिकाम्या पायऱ्या चढून जाणाऱ्याला जे मंदिर दिसते ते अकरा वाजता बसने आलेल्यास दिसणे शक्य नाही. रात्री दुकाने मिटल्यावर तोच रस्ता पुन्हा शांत होतो. पहाटे उठण्याची ज्याची तयारी आहे त्याने येथे एक-दोन रात्री अवश्य राहावे, आणि मोठे सामान आधीच दुसऱ्या मुक्कामी पाठवून द्यावे. ज्याचा दिवस नऊच्या न्याहारीनंतर सुरू होतो त्याने जास्तीचे भाडे का भरावे, हे कळत नाही.

गिओन ही लोकांची राहती वस्ती आहे. कामावर निघालेल्या गेइको आणि माइको, म्हणजे शिकाऊ नर्तिका, यांचा छायाचित्रांसाठी पाठलाग करण्याचे प्रकार वाढल्यावर तेथील रहिवाशांनी २०२४ मध्ये हानामिकोजी या मुख्य रस्त्यालगतच्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशबंदी केली. प्रवेश केल्यास १० हजार येन दंड, असे फलक तेथे लागले आहेत. मुख्य रस्ता सार्वजनिक असून तो खुला आहे.

इतर भाग

दुसऱ्यांदा येणाऱ्यांना आणि आठवडाभर राहू इच्छिणाऱ्यांना देमाचियानागी सुचवावेसे वाटते. दोन नद्यांच्या संगमावरचा हा शांत, विद्यार्थ्यांचा भाग. केइहान रेल्वे येथे संपते आणि कुरामाच्या डोंगरात जाणारी एइझान रेल्वे येथूनच सुटते. शिमोगामो देवस्थान जवळ, जुना शाही राजवाडा आणि त्याचे विस्तीर्ण उद्यान पायी अंतरावर. हॉटेले थोडी, पण संगमाच्या दगडांवर बसून घालवलेली संध्याकाळ कोणत्याही यादीत नसते.

आराशियामाचे गणित हिगाशियामासारखेच. दिवसा अतोनात गर्दी, संध्याकाळी सामसूम, पहाटे वेळूवन आपलेच. रोज शहरात ये-जा करण्यासाठी मात्र ते दूर. फुशिमीजवळ राहिल्यास इनारीच्या कमानींखालून सूर्योदयापूर्वी चढून जाता येते. ते देवस्थान दिवसरात्र खुले असते. यामाशिना हे जेआर रेल्वेने क्योटोच्या शेजारचेच स्थानक, पाच मिनिटांचे अंतर आणि तोझाई भुयारी मार्गही तेथून जातो. शहरात जागा मिळेनाशी झाली की प्रथम तेथे शोधावे.

क्योटो महाग म्हणून ओसाकात राहून रोज ये-जा करावी, असा सल्ला वारंवार दिला जातो. जेआरच्या जलद गाडीला अर्धा तास लागतो आणि एका खेपेस सहाशे येनच्या आसपास भाडे पडते. हिशेब वरवर सोपा दिसतो. पण हॉटेल ते स्थानक, स्थानक ते मंदिर असे धरून जाता-येता रोजचे दोन ते अडीच तास जातात, पहाट हातून निसटते आणि थकल्यावर दुपारी खोलीवर येऊन तासभर पडण्याची सोय राहत नाही. मुलांसह किंवा वडीलधाऱ्यांसह असलेल्यांनी ही शेवटची गोष्ट कमी लेखू नये. ओसाकाच पाहावयाचे असेल, तर तेथे राहून क्योटोचा एक दिवस करणे ठीक. क्योटोसाठी ओसाकात राहणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्यापेक्षा बिवा सरोवराच्या काठचे ओत्सू बरे. क्योटो स्थानकापासून ते जेआरने दहाच मिनिटांवर आहे आणि एप्रिल-नोव्हेंबरच्या गर्दीत तेथे पुष्कळदा वाजवी दरात जागा मिळते.

खोली, जेवण आणि कर

भाग ठरल्यावर निवासाचा प्रकार ठरवावा लागतो. येथे भारतीय प्रवाशाची फसगत होण्याची मुख्य जागा म्हणजे दर. पारंपरिक पद्धतीच्या र्‍योकानमध्ये, म्हणजे तातामी चटयांवर गाद्या घालून झोपण्याच्या निवासात, दर बहुधा माणशी असतो, खोलीचा नसतो. त्यात रात्रीचे आणि सकाळचे जेवण धरलेले असते आणि जेवणाची वेळ ठरलेली असते. साध्या व्यावसायिक हॉटेलांत 'सेमी-डबल' नावाची खोली स्वस्त दिसते. तिच्यात दोघांसाठी मिळून जेमतेम सव्वाशे-दीडशे सेंटिमीटर रुंदीची एकच खाट असते. तिघांची खोली दुर्मीळ.

कुटुंब पाच-सहा जणांचे असेल, तर 'माचिया' म्हणजे जुने लाकडी नगरगृह पूर्ण भाड्याने घेणे किफायतशीर ठरते. रस्त्यावर अरुंद दर्शनी बाजू आणि आत खोलवर गेलेली घडण, म्हणून या घरांना 'ईल माशाचे अंथरूण' असे गमतीने म्हणतात. शाकाहारी आणि विशेषतः जैन कुटुंबांना त्यातील स्वयंपाकघर हा मोठा आधार असतो. जपानी स्वयंपाकात 'दाशी' हा वाळविलेल्या माशाचा अर्क जवळजवळ सर्वत्र असतो. भाजीचे दिसणारे सार, टोफूबरोबरची चटणी, नूडल्सचा रस्सा यांपैकी कशातही तो असू शकतो. मंदिरांतील 'शोजिन र्‍योरी' हे भिक्षूंचे भोजन त्याला अपवाद आहे. भारतीय उपाहारगृहे मुख्यतः शहराच्या मध्यभागात आहेत, कारासुमा पट्ट्याच्या बाजूने हाही एक मुद्दा. काही मठांत निवासाचीही सोय असते. हिगाशियामातील चिशाकु-इन येथे पाहुण्यांना पहाटेच्या प्रार्थनेस बसता येते. अशा ठिकाणी रात्री दार लवकर बंद होते, हे लक्षात ठेवावे.

घर भाड्याने घेताना त्याचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक पाहणे आवश्यक आहे. जून २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार राहते घर पाहुण्यांना वर्षातून १८० दिवसांहून अधिक देता येत नाही. क्योटोने त्याहून कडक नियम केले असून, केवळ निवासी म्हणून राखलेल्या भागांत अशा घरांना जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच मुभा आहे. वर्षभर चालणाऱ्या माचियांना वेगळा निवास-परवाना असतो. लाकडी भिंती पातळ असतात आणि पलीकडे कोणी तरी राहत असते. रात्री अकराला दगडी गल्लीतून चाकांची बॅग ओढत नेण्याचा आवाज साऱ्या आळीला ऐकू जातो. ती उचलून नेणे एवढे तरी पाहुण्याच्या हातात आहे.

कराचा भारही आता किरकोळ राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१८ पासून क्योटोत मुक्काम-कर आहे. १ मार्च २०२६ पासूनच्या दरांनुसार माणशी एका रात्रीचे भाडे ६ हजार येनहून कमी असल्यास २०० येन, २० हजारांहून कमी असल्यास ४००, ५० हजारांहून कमी असल्यास १ हजार, त्यावर एक लाखापर्यंत ४ हजार आणि १ लाख येन किंवा त्याहून अधिक असल्यास १० हजार येन कर द्यावा लागतो. हा कर पुष्कळदा आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो आणि हॉटेलात वेगळा घेतला जातो.

वर्षातून दोन काळ असे येतात की, वरील सर्व विचार बाजूला ठेवून मिळेल ती जागा घ्यावी लागते. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा हा चेरीच्या बहराचा काळ आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या प्रारंभापर्यंत मेपलची पाने लाल होण्याचा काळ. त्या दिवसांसाठी पाच-सहा महिने आधी, रद्द करता येईल असे आरक्षण करून ठेवणे इष्ट. दीपावलीच्या सुट्टीत जाणारे नोव्हेंबरच्या गर्दीच्या थोडे आधी पोहोचतात, तर उन्हाळी सुट्टीवाल्यांनी एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील जपानी सुट्ट्या टाळाव्यात. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी बोचरी असते, कारण शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात आहे. पण याच काळात हिगाशियामातही जागा मिळते आणि बसमध्ये बसायलाही.

शेवटी सामानाविषयी. हॉटेलात खोली साधारणपणे दुपारी तीनपूर्वी मिळत नाही. बॅगा मात्र सकाळीही ठेवून घेतल्या जातात. टोकियो-क्योटो बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी मे २०२० पासून विशिष्ट आसनाचे आरक्षण आवश्यक आहे. त्यापेक्षा टोकियोतील हॉटेलातूनच ती 'ताक्युबिन' या घरपोच सेवेने क्योटोच्या पत्त्यावर पाठवावी. सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते, तेव्हा एका रात्रीचे कपडे हातातील पिशवीत ठेवावे लागतात. चौघे जण असतील तर स्थानकापासून हॉटेलापर्यंत टॅक्सी करण्यासही हरकत नाही. लहान अंतरासाठी तिचे भाडे चौघांच्या बसभाड्याहून फारसे जास्त होत नाही. टॅक्सीचे मागचे दार चालक आतूनच उघडतो व मिटतो, त्याला हात लावू नये.